हाडात नुसतं कॅल्शियम भरून भागत नाही, त्याला दिशा लागते

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला पॉलिमर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पीव्हीसीचे पाइप, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकच्या चटया, सगळं इथंच बनतं आणि इथंच वापरलं जातं. आणि पॉलिमरवर मिनरल चढणं म्हणजे काय हे तर कुठल्याही केळीवाल्याला विचारा. बोअरचं पाणी जड असलं की ड्रिपरच्या आत पांढरा क्षार धरतो, पाणी टपकायचं थांबतं, मग ॲसिड सोडून सगळ्या लाइनी धुवाव्या लागतात. तो पांढरा थर म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम प्लास्टिकच्या भिंतीवर येऊन बसलं, तिथं त्याचे बारीक स्फटिक धरले आणि त्याच स्फटिकांवर पुढचं कॅल्शियम येऊन बसत गेलं.

मी पीएचडीला जे काम करतेय ते बरंचसं असंच आहे. फक्त कार्बोनेटच्या जागी फॉस्फेट आहे, थर काढायचा नाहीये तर मुद्दाम चढवायचाय, आणि तोही असा की त्यातला प्रत्येक स्फटिक ठरलेल्या दिशेला तोंड करून वाढला पाहिजे. कशासाठी, तर तुटलेलं, खचलेलं, अपघातात तुकडा गेलेलं हाड भरून यावं यासाठी.

घरी हे सांगायला गेलं की आजीचं ठरलेलं, "हाडाले कॅल्शियम लागते एवढं तं मलेबी माहीत हाये, मंग तू लॅबमधी काय शोधून राह्यली?" प्रश्न चोख आहे. कारण कॅल्शियम भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, हाडाच्या न् दाताच्या डॉक्टरांना हायड्रॉक्सिॲपेटाइटचे (हाडातल्या मिनरलच्या जातीचं कॅल्शियम फॉस्फेट, थोडक्यात ॲपेटाइट) दाणे, ठोकळे, पावडर हे कधीपासूनच विकत मिळतं. अवघड आहे ते दिशेचं. हाडाबद्दल बोलताना आपण सगळे मिनरल किती आहे एवढंच बोलतो, डॉक्टर बोलतात, रिपोर्ट बोलतात, टीव्हीवरच्या जाहिराती तर तेवढंच बोलतात, पण ते मिनरल कुठल्या दिशेला लागलंय हे कोणी विचारतच नाही, आणि हाडाची ताकद बरीचशी तिथं आहे असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा एवढा लांबलचक लेख.

आधी हाड काय असतं ते बघू. वजनाने बघितलं तर साधारण 65 ते 70 टक्के मिनरल, 20 ते 25 टक्के सेंद्रिय भाग, बाकी पाणी. सेंद्रिय भागात जवळजवळ सगळं कोलॅजन, म्हणजे तीन पिळांचं प्रोटीन, एक रेणू सुमारे 300 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब आणि दीडच नॅनोमीटर जाड. हे रेणू शेजारी शेजारी पण थोडे थोडे सरकून लागतात, त्यामुळे तंतूमध्ये दर 67 नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्यात मोकळ्या फटी राहतात. मिनरल मुख्यत्वे या फटींमध्ये सुरू होतं आणि तिथून पसरतं. मिनरलचे स्फटिक म्हणजे चपट्या पट्ट्या, जाडी फक्त 2 ते 4 नॅनोमीटर, लांबी-रुंदी काही दशक नॅनोमीटर. प्रकार हायड्रॉक्सिॲपेटाइटचा, पण पुस्तकातल्यासारखा शुद्ध नाही, त्यात कार्बोनेट घुसलेलं असतं, थोडं सोडियम, मॅग्नेशियम असतं. शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण 1.67 असतं. हाडात ते अगदी तेवढं नसतं, तरी कित्येक पेपरांत "आमच्या थरात 1.67 आलं म्हणून तो हाडासारखा" असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं आणि ते वाचून मला दरवेळी त्रास होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हायड्रॉक्सिॲपेटाइटचा स्फटिक षटकोनी जातीचा आहे, म्हणजे त्याला एक वेगळा अक्ष असतो, त्याला सी-अक्ष म्हणतात. या अक्षाच्या दिशेने स्फटिक जास्त ताठ असतो. आणि हाडात हा सी-अक्ष कोलॅजनच्या तंतूला समांतर लागलेला असतो. तंतू कुठल्या दिशेला, तर जिकडे भार पडतो तिकडे. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या ताकायोशी नाकानो यांच्या गटाने बारीक एक्स-रे किरणांनी हे ठिकठिकाणी मोजलं, त्यांचा 2002 चा पेपर मी कितीदा वाचला असेन. सशाच्या पुढच्या पायाच्या लांब हाडात सी-अक्ष हाडाच्या लांबीला धरून. कवटीच्या चपट्या हाडात तो पृष्ठभागाच्या पातळीत दोन्हीकडे पसरलेला. माकडाच्या खालच्या जबड्यात तो जबड्याच्या कडेने जातो, पण दाताजवळ आला की वळून चावण्याच्या दिशेने उभा राहतो. मणक्यात वरून खाली. म्हणजे मिनरल तेच, शरीर तेच, पण प्रत्येक जागी दिशा वेगळी, आणि ती दिशा त्या जागेवर रोज काय जोर येतो त्यावर ठरलेली. मला हे वाचून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता आणि अजूनही येतो.

याच गटाने पुढे तुटलेल्या हाडाची वाढ बघितली. सशाच्या हाडाचा तुकडा काढून तिथं नवीन हाड येऊ दिलं. हाडाची घनता, म्हणजे डेक्सा स्कॅनसारख्या तपासणीत जो आकडा येतो तो, लवकर भरून आला. दिशा मात्र मागे राहिली, आणि नव्या हाडाची ताकद घनतेपेक्षा या दिशेशी जास्त जुळत होती. याचा अर्थ असा की एक्स-रेवर पांढरं दिसायला लागलं म्हणजे हाड पूर्वीसारखं झालं असं नसतं. माणसाला घाई असते, शेतीचं काम अडलेलं असतं, एक्स-रे चांगला आला की तो फवारणीचा पंप पाठीला लावून मोकळा, आणि डॉक्टर भार टाकायला अजून वेळ का सांगतात हे त्याला पटत नाही. स्फटिकांना रांगेत यायला वेळ लागतो, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ आहे.

मग पॉलिमर का. धातूच चांगला नाही का, टायटॅनियमच्या प्लेटा इतकी वर्षं बसवतातच की. बसवतात, आणि तुटलेलं हाड धरून ठेवायला त्या उत्तमच आहेत. पण टायटॅनियमचा ताठपणा 110 गिगापास्कलच्या आसपास, हाडाच्या बाहेरच्या घट्ट भागाचा साधारण 15 ते 20. दोघं शेजारी बांधले की भार प्लेट उचलते आणि हाड रिकामं बसतं, आणि रिकामं बसलेलं हाड झिजतं, हाड भाराप्रमाणे घडतं हे तर जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच लिहून ठेवलंय. पॉलिमर इथं उपयोगी पडतात. पॉलिलॅक्टिक ॲसिड, पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे शरीरात हळूहळू विरघळून जातात, काढायला दुसरं ऑपरेशन नको. पीईईके नावाचं पॉलिमर विरघळत नाही पण त्याचा ताठपणा 3 ते 4 गिगापास्कल, एक्स-रेत ते आडवं येत नाही, मणक्याच्या ऑपरेशनमध्ये ते बरंच वापरतात.

पण नुसतं पॉलिमर हाडाला ओळखीचं वाटत नाही. हाडाच्या पेशी त्याला नीट धरत नाहीत, त्याच्याभोवती मऊ तंतूंचं आवरण तयार होतं आणि हाड आणि इम्प्लांट शेजारी राहूनही अलग राहतात. म्हणून वर ॲपेटाइटचा थर हवा. धातूवर तो प्लाझ्मा स्प्रेने मारतात, पावडर हजारो अंशांच्या ज्वाळेतून फेकायची आणि ती वितळत जाऊन चिकटते. पॉलिमरचं तिथं काय होणार. पीईईके 343 अंशांना वितळतं, पॉलिलॅक्टिक ॲसिड 170 च्या आसपास, आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन तर फक्त 60 अंशांना, मे महिन्यात भुसावळच्या पत्र्यावर ठेवलं तर त्याचा काही भरवसा नाही. शिवाय स्प्रेत दिशा कुठली, जे थेंब जसे आपटतील तसे गोठतात. माझ्यासाठी राहिला एकच रस्ता, पाण्यातून, शरीराच्या तापमानाला, स्फटिक वाढवायचा.

यासाठी जे द्रावण सगळे वापरतात ते क्योतो विद्यापीठातल्या तादाशी कोकुबो यांचं, सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड, आम्ही एसबीएफ म्हणतो. 1990 च्या त्यांच्या पेपरपासून ते जगभर पसरलं. त्यात लिटरमागे सोडियम 142 मिलिमोल, कॅल्शियम अडीच, फॉस्फेट एक, असं रक्तातल्या पाण्याशी जुळवलेलं. सगळं मात्र जुळत नाही, बायकार्बोनेट रक्तात 27 आणि या द्रावणात 4.2, क्लोराइड रक्तात 103 आणि इथं जवळजवळ 148, आणि प्रोटीन तर अजिबात नाही. त्यामुळे एसबीएफमध्ये थर धरला म्हणजे शरीरात हाड धरेलच असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, 2009 मध्ये बोनर आणि लमेत्र यांनी यावर चांगला खरमरीत लेख लिहिलाय आणि मला तो पटतो. पण स्फटिक कसा धरतो हे शिकायला हे द्रावण फार चांगलं आहे.

कारण या द्रावणात (आणि आपल्या रक्तातही) ॲपेटाइट बनायला लागेल त्यापेक्षा जास्तच कॅल्शियम-फॉस्फेट असतं. मग आपण दगड का होत नाही? एक तर रक्तात फेट्युइनसारखी प्रोटीनं आहेत, पायरोफॉस्फेट आहे, मॅग्नेशियम आहे, ही सगळी स्फटिकाला धरू देत नाहीत. आणि दुसरं, पहिला कण जन्मायलाच ऊर्जा लागते, एकदा जन्मला की वाढणं सोपं. तो पहिला कण मोकळ्या पाण्यात जन्मण्यापेक्षा एखाद्या पृष्ठभागावर फार सहज जन्मतो. म्हणून एसबीएफ बनवताना भांडं प्लास्टिकचं आणि आतून गुळगुळीत घ्यायचं, ओरखडा असला की तिथंच कण धरतो आणि सगळं द्रावण गढूळ होतं. क्षार एकेक करून, ठरलेल्या क्रमानेच टाकायचे, आधीचा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा नाही.

इथं खान्देशातल्या लॅबची एक खास अडचण सांगते जी कुठल्याच पेपरात लिहिलेली नसते. एसबीएफचा पीएच 7.4 ठेवायचा तो 36.5 अंशांना. पीएच धरून ठेवायला त्यात ट्रिस घालतात, आणि ट्रिसचा स्वभाव असा की दर अंशाला त्याचा पीएच 0.028 ने उतरतो. थंड गावात काम करणारा माणूस द्रावण गरम करतो, त्याला वॉटर बाथ पुरतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच 42 अंश, म्हणजे द्रावण थंड करावं लागतं. नाहीतर खोलीच्या तापमानाला 7.4 लावलं आणि मग 36.5 ला आणलं की पीएच 0.15 ने वर, आणि ॲपेटाइटसाठी 0.15 हा फरक थोडा नाही, द्रावण बाटलीतच पांढरं होऊ शकतं. त्यात बोअरचं पाणी जड, डीआयोनाइज्ड पाण्याची कार्ट्रिज लवकर संपते, आणि पाण्यात कॅल्शियम राहिलं की अडीच मिलिमोलचा हिशोबच बिघडला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांत हे काम करणाऱ्यांनी पहिला खर्च थंड करणाऱ्या सर्क्युलेटरवर आणि चांगल्या पाण्यावर करावा, महागड्या केमिकलवर नंतर, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता पॉलिमरचा पृष्ठभाग. पॉलिलॅक्टिक ॲसिडची फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवली की वरच्या थरातल्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि टोकांना कार्बॉक्सिल गट उघडे पडतात. पाण्यात ते ऋण भाराचे होतात, कॅल्शियम धन भाराचं, ते येऊन चिकटतं, कॅल्शियमच्या मागे फॉस्फेट येतं. फॉस्फेटचे गट लावले तरी चालतं, ऑक्सिजन प्लाझ्मानेही पृष्ठभाग जागा करता येतो. आणखी एक साधी रीत जपानमधल्या तागुची, किशिदा, आकाशी यांनी 1998 मध्ये दाखवली, आधी कॅल्शियमच्या द्रावणात बुडवायचं, धुवायचं, मग फॉस्फेटच्या द्रावणात, धुवायचं, असं आलटून पालटून. एसबीएफपेक्षा फार भराभर थर चढतो. पण भराभर चढलेल्या थरात स्फटिक कसेही पडलेले असतात, आणि मला तर दिशा हवी.

पहिला जो थर बसतो तो बरेचदा स्फटिक नसतोच, बिनआकाराचं कॅल्शियम फॉस्फेट असतं, गोल गोल गोळे, त्यांच्यात कुठलाही क्रम नाही. तेच नंतर आतल्या आत बदलत ॲपेटाइट होतं, कधी कधी मध्ये ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेटचा टप्पा लागतो. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. दिशा द्यायची असेल तर ती या बदलाच्या वेळेलाच द्यावी लागते, एकदा स्फटिक झाला की मग तो वळत नाही.

दिशा येते कशी याच्या मला दोन-तीन वाटा दिसतात. पहिली म्हणजे स्पर्धा, आणि याचं उदाहरण आमच्या गावाजवळच आहे. मी रावेर तालुक्यातली. तिथं सावद्याच्या खदानींत काळ्या दगडाच्या पोकळीत जे स्फटिक निघतात, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट वगैरे, ते जगभरचे संग्राहक विकत घेतात, आपल्याकडे मात्र शेजारच्या गावालाही पत्ता नसतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांतून खनिजांचं गरम पाणी फिरलं आणि भिंतीवर स्फटिक धरले. भिंतीवर सुरुवातीला सगळे कसेही पडलेले असतात. पण ज्याची वेगाने वाढणारी बाजू सरळ पोकळीकडे आहे तो पुढे जातो, जो तिरपा आहे तो शेजाऱ्याला आपटून थांबतो. थोड्या वेळाने उभे तेवढे उरतात. ॲपेटाइटचा स्फटिकही मोकळ्या द्रावणात सी-अक्षाच्या दिशेने वेगाने वाढतो, म्हणून पॉलिमरवर दाट बिया, म्हणजे बारीक बारीक स्फटिक, पेरल्या आणि द्रावण सावकाश पुरवलं की काही वेळाने सुईसारखे सगळे स्फटिक उभे. कोणी शिकवावं लागत नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या उभ्या सुया दिसतात तेव्हा फार सुंदर दिसतात, पेपरच्या पहिल्या पानावर तोच फोटो असतो. पण माझा आक्षेप इथंच आहे. या सुया पृष्ठभागाला काटकोनात उभ्या आहेत. हाडात स्फटिक तंतूच्या बाजूने आडवे लागलेले असतात. मांडीच्या हाडात सळई घातली आणि तिच्यावर अशा उभ्या सुया वाढवल्या, तर त्यांचा सी-अक्ष हाडाच्या लांबीला आडवा झाला, म्हणजे नेमका उलटा. नुसतं ओरिएंटेड, म्हणजे दिशा लागलेलं, म्हणून भागत नाही, कशाच्या संदर्भात ओरिएंटेड ते सांगितलं पाहिजे, आणि इम्प्लांट शरीरात कुठं बसणार, तिथं भार कुठून येणार हे ठरल्याशिवाय चांगली दिशा आणि वाईट दिशा असं काही नसतं.

दुसरी वाट मला जास्त जवळची, पॉलिमरलाच आधी दिशा द्यायची. फिल्म गरम करून एका बाजूला ताणली की साखळ्या ताणाच्या दिशेने लागतात. किंवा इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये, म्हणजे विजेच्या जोराने पॉलिमरचे बारीक धागे ओढायच्या रीतीत, फिरत्या ड्रमवर धागे गोळा केले की ते समांतर बसतात. मग त्यावर मिनरल. 2001 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल स्टुप यांच्या गटाने पेप्टाइडचे (प्रोटीनसारख्याच पण आखूड साखळ्या) स्वतःहून जुळणारे नॅनोतंतू बनवले, त्यावर फॉस्फेटचे आणि ॲसिडचे गट होते, आणि त्यावर वाढलेल्या ॲपेटाइटचा सी-अक्ष तंतूच्या लांबीला समांतर आला, म्हणजे हाडात असतो तसाच. त्यानंतर ॲल्व्हारो माता यांच्या लंडनच्या गटाने 2018 मध्ये इलास्टिनसारख्या प्रोटीनच्या पडद्यावर फ्लोरॲपेटाइटचे, म्हणजे फ्लोराइड असलेल्या ॲपेटाइटचे, रांगेतले स्फटिक वाढवले, नॅनोपासून ते डोळ्याला दिसेल एवढ्या आकारापर्यंत रचना एकात एक बसलेली. ते दाताच्या एनॅमलच्या जास्त जवळ जातं, पण प्रोटीनचा विस्कळीतपणा आणि क्रम कमी-जास्त करून स्फटिकाची वाढ वळवता येते हे त्यातून कळलं.

तिसरी वाट खुद्द शरीराची. कोलॅजनच्या तंतूच्या आत मिनरल शिरतं कसं, हा प्रश्न खूप वर्षं लोंबकळत होता. फ्लोरिडात लॉरी गॉवर यांनी दाखवलं की द्रावणात थोडं पॉलिॲस्पार्टिक ॲसिड टाकलं की कॅल्शियम फॉस्फेट लगेच स्फटिक होत नाही, पातळ थेंबांसारखं राहतं आणि तंतूच्या आत ओढलं जातं, आणि आत गेल्यावर मग स्फटिक होतं, तेही तंतूच्या दिशेने. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या टीमने गोठवलेल्या नमुन्यांचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो काढून दाखवलं की हे मिनरल तंतूत कुठल्या पट्ट्यातून शिरतं, आणि कोलॅजन नुसता साचा नाही तर स्वतः स्फटिक घडवण्यात भाग घेतं. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते की जे रसायन स्फटिक होऊ देत नाही तेच शेवटी चांगला स्फटिक घडवतं. थांबवल्यामुळे त्याला योग्य जागी पोचायला वेळ मिळतो.

मोजायचं कसं यावर थोडं बोलते, कारण एमएस्सीची पोरं इथं अडकतात. एक्सआरडीच्या, म्हणजे स्फटिकावरून एक्स-रे कुठल्या कोनात वळतात त्याच्या, ग्राफमध्ये हायड्रॉक्सिॲपेटाइटचं 002 चं शिखर 25.9 अंशांना येतं, 211 चं 31.8 ला. हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या वेगवेगळ्या थरांची नावं, 002 चे थर सी-अक्षाला काटकोनात असतात. साध्या, कसेही पडलेल्या पावडरच्या संदर्भ-कार्डात 211 ला 100 धरलं तर 002 ला 40. तुमच्या थरात 002 त्याहून खूप उंच आलं तर सुया उभ्या आहेत, बरोबर. पण नेहमीच्या मशीनमध्ये फिल्मला समांतर असलेले अणूंचे थरच दिसतात. म्हणून स्फटिक आडवे पडले असतील, जे मला हवंय, तर 002 उलट खाली जातं, दिसेनासंही होतं, आणि 32.9 अंशांचं 300 वर येतं. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल दिशा आलीच नाही आणि नमुना फेकून देईल. आडवी दिशा बघायची तर किरण फिल्ममधून आरपार न्यावे लागतात, मागे द्विमितीय डिटेक्टर, आणि त्यावर पूर्ण गोल कडं न येता दोन बाजूंना कमानी आल्या की समजायचं. कमान जेवढी आखूड तेवढी रांग चांगली. ही सोय आपल्या भागात सहज नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतात, वाट बघावी लागते.

आणि शेवटी हाड काही आमचा थर बांधत नाही, ते पेशी बांधतात. हा मुद्दा आम्हा केमिस्ट्रीवाल्यांच्या नजरेतून सुटतो. पेशींना खोबणीचा किंवा समांतर तंतूंचा पृष्ठभाग मिळाला की त्या त्याच्या बाजूने लांब होतात, आणि रांगेत लागलेल्या हाडाच्या पेशी कोलॅजनही रांगेत टाकतात, त्या कोलॅजनमध्ये मग शरीराचं स्वतःचं मिनरल येतं. त्यामुळे आमच्या थराचं खरं काम कदाचित भार उचलणं नाहीच, पेशीला पहिल्या काही आठवड्यांत इकडे वळ एवढं सांगणं हे आहे. तसं असेल तर थर जाड लागत नाही, पातळ पण नीट दिशेचा पुरेल, आणि जाड थराला तडे जाऊन तो सुटायची जी मोठी भीती असते तीही कमी होईल.

हे सगळं मला कुणासाठी हवंय ते सांगते. हायवेवर रोज होणारे अपघात आहेतच, धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही रस्ते एकत्र येतात, तिथल्या कुठल्याही ऑर्थोपेडिक वॉर्डात जाऊन बघा, विशी-पंचविशीची पोरं असतात. हाडाचा तुकडा गेला असेल तर आजही पहिला उपाय म्हणजे त्याच्याच कमरेच्या हाडातून काढून तिथं भरणं. उत्तम उपाय आहे, पण दुसरी जखम, दुसरं दुखणं, आणि काढायलाही मर्यादा. दुसरं म्हणजे नंदुरबारकडचा सिकलसेल. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे, केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला शहडोलहून त्याच्या निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, तपासण्या वाढल्या, चांगलं झालं. पण सिकलसेलमध्ये वाकड्या झालेल्या लाल रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पोचत नाही, ते हाड आतून मरतं आणि खचतं. कॉलेजच्या वयातल्या पोराला लंगडत चालताना बघितलंय मी. त्या वयात कृत्रिम खुबा बसवला तर आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी. तिथं आधी रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे आणि आमचा थर रक्त आणू शकत नाही, हे स्पष्ट सांगते, उगाच आशा लावायची नाही. पण खचण्याआधी आतून भरायचं मटेरियल कुठलं, त्याला भार कुठून येणार, त्यात स्फटिक कुठल्या दिशेला हवेत, हे प्रश्न आपल्याकडच्याच पेशंटचे आहेत आणि ते आपल्याकडच्याच लॅबमध्ये विचारले गेले पाहिजेत.

सध्या माझ्याकडे ताणलेल्या आणि न ताणलेल्या पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या फिल्म एकाच द्रावणात, पॉलिॲस्पार्टिक ॲसिड घालून आणि न घालता, अशा चारही जोड्यांत चालू आहेत. ताणलेली फिल्म आणि पॉलिॲस्पार्टिक ॲसिड एकत्र असतील तर सी-अक्ष ताणाच्या बाजूने आडवा यावा असा माझा अंदाज आहे. तो तसा आला की नाही हे आरपार किरणांच्या मोजणीतच कळेल, साध्या ग्राफवरून मी काही बोलणार नाही. त्यानंतर त्याच फिल्म पाण्यात ठेवून पॉलिमर विरघळायला लागल्यावर थर किती टिकतो ते बघायचंय, कारण पॉलिलॅक्टिक ॲसिड विरघळताना लॅक्टिक ॲसिड सोडतं आणि ॲपेटाइट ॲसिडमध्ये टिकत नाही. थर त्या ॲसिडला थोडं शमवेल हे खरं, पण किती काळ आणि दिशा तोपर्यंत शाबूत राहते का, यावर कोणी काम करत असेल तर मला बोलायला फार आवडेल, खास करून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या कोणी.